मदत हवी आहे: गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळं मीटर की घरगुती मीटरच?

नागपूर, मनीषनगर. स्वतंत्र घर, महावितरणचं सिंगल फेज घरगुती कनेक्शन, मंजूर भार ५ किलोवॅट, स्मार्ट मीटर लागलेलं. घरचा वापर महिन्याला २६० युनिट, मे महिन्यात एसीमुळे ४५०. गाडीला महिना साधारण १५० युनिट लागतील, ३.३ किलोवॅटच्या चार्जरवर.

म्हणजे एरवी गाडीच्या युनिटपैकी ११० युनिट ३०१-५०० च्या स्लॅबमध्ये (जास्त दराच्या टप्प्यात) जातात आणि मे महिन्यात १०० युनिट थेट ५०० च्या वर. खरी अडचण हीच आहे. स्मार्ट मीटरवर मिळणारी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतली वीजदराची सवलत फक्त रविवारी घेता येते, इतर दिवशी गाडी ऑफिसला असते. रात्री अकरानंतर लावतो.

वायरिंग झालंय: ४ चौरस मिमी तांब्याची वायर, २० अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), वेगळं अर्थिंग. त्यामुळे सॉकेट तापणं वगैरे प्रश्न नाही. सोलर सध्या शक्य नाही, गच्चीवर सावली आहे.

वेगळं मीटर घेतलं तर ते ईव्ही (इलेक्ट्रिक वाहन चार्जिंग) वर्गवारीत येईल; त्या वर्गवारीत स्लॅब नाहीत, पण स्थिर आकार वेगळा पडतो. ज्यांनी नागपुरात असं दुसरं मीटर घेतलंय त्यांनी सांगा: एकाच घरावर खासगी गाडीसाठी ते मंजूर झालं का, आणि १५० युनिटला स्थिर आकार धरून प्रति युनिट प्रत्यक्ष किती पडलं?