बेळगावच्या थंडीला सिंथेटिक तेल? कुठं निघालाय, सियाचिनला?

उद्यमबाग_लेथ

काल गेट_नंबर_तीन यांनी इथं फर्मान काढलं : "पारा बारावर आलाय. अजूनही साधं मिनरल तेल वापरणारे आपल्या हातानं इंजिनाचा गळा दाबतायत. स्वस्तातलं का होईना, ०डब्ल्यू-२० फुल सिंथेटिकच टाका." खाली सगळ्यांचे अंगठे आणि "धन्यवाद सर". म्हणून रविवारची झोप मोडून लिहायला बसलोय.

डब्ल्यू म्हणजे विंटर, कबूल. त्याच्या आधीचा आकडा गारठ्यात तेल किती वाहतं त्याचा, नंतरचा तापलेल्या इंजिनात ते किती घट्ट राहतं त्याचा. पण कुणाची विंटर? १५डब्ल्यू तेल पास करताना उणे २० अंशाला स्टार्टर फिरू देतंय का ते बघतात. २०डब्ल्यूला उणे १५, ५डब्ल्यूला उणे ३०, ०डब्ल्यूला उणे ३५. आपल्याकडं उणे सोडाच, आठ-नऊ अंश झाले की पेपरात शेकोटीचा फोटो छापून येतो. म्हणजे माझ्या शेजाऱ्याच्या जुन्या जीपमधलं २०डब्ल्यू-५० सुद्धा बेळगावच्या थंडीला वीस-पंचवीस अंशांनी पुरून उरतं.

दुसरं, "फुल सिंथेटिक" या अक्षरांना भुलू नका. नव्वदच्या दशकात अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांची यावरूनच जुंपली होती. खनिज तेलच हायड्रोक्रॅक करून, म्हणजे हायड्रोजननं त्याचे रेणू तोडून, शुद्ध केलं, म्हणजे ग्रुप ३, तर त्याला सिंथेटिक म्हणायचं का? १९९९ साली तिथल्या जाहिरात-पंचांनी कौल दिला : म्हणायला हरकत नाही. तेव्हापासून स्वस्त डब्यावरचं "फुल सिंथेटिक" म्हणजे बहुतेक वेळा हाच ग्रुप ३. वाईट नाही, चांगलंच असतं. पण ते आकाशातून पडलेलं नाही. आणि "सेमी-सिंथेटिक"मध्ये नक्की किती टक्के काय, हे तर डब्यावर कुणी लिहितच नाही.

गाडीचं पुस्तक उघडा. त्यात जो ग्रेड लिहिलाय तो, डब्यामागं एपीआय एसपी (तेलाच्या दर्जाचा शिक्का) किंवा पुस्तकात असेल ते प्रमाण, आणि त्यातला सगळ्यात स्वस्त खात्रीचा डबा. संपला विषय.

गेट_नंबर_तीन

लेथकाका, उणे वीसची चाचणी पास होणं म्हणजे स्टार्टर फिरणं. इंजिनाला वंगण मिळणं वेगळं. १५डब्ल्यू-४० ची कंपनीची माहिती-शीट काढून बघा, ४० अंशालाच साधारण ११० सेंटीस्टोक (आकडा जास्त तेवढं तेल घट्ट). ५डब्ल्यू-३० असतं पासष्टच्या आसपास. दहा अंशाला हा फरक आणखी वाढतो. तेवढे सेकंद कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, कोरडा घासतो, त्याचं काय?

आणि मी अनुभवावरून बोलतोय. २०१४ ची पेट्रोल गाडी आहे माझी. रोज सकाळी साडेसहाला पोरीला शाळेत सोडायचं असतं आणि गेले पंधरा दिवस गाडी नुसती घुर्र घुर्र करून गप्प बसते. दुपारी मात्र एका चावीत सुरू. हा थंडीचाच परिणाम नाही तर काय? तुमच्या लेथला थंडी वाजत नसेल.

सुभेदार_निवृत्त

गेटवाले साहेब, थंडी म्हणजे काय ते सांगू? द्रासला होतो मी. पारा उणे पंचवीस. तेलाचं सोडा, तिथं डिझेलच मेणासारखं धरतं. रात्री दर दोन तासांनी एक जवान उठून गाडी चालू करायचा, दहा मिनिटं फिरवायचा, परत झोपायचा. झोपायचा म्हणजे पडायचा. पुढं २०१९ ला इंडियन ऑइलनं लडाखसाठी वेगळं हिवाळी डिझेल काढलं, उणे ३३ पर्यंत न गोठणारं. आमच्या वेळी कुठलं?

बारा अंशाला आम्ही बनियनवर पीटी करायचो.

कणकुंबीचं_धुकं

सुभेदारकाका, सलाम. पण कणकुंबीला एकदा डिसेंबरात मुक्काम करा. काचेवर दव असं, की वायपर चालवल्याशिवाय चोर्ला घाटात उतरता येत नाही. माझ्या डिझेल पिकअपमध्ये १५डब्ल्यू-४० आहे. सुरू होते, पण ग्लो प्लगचा (सिलिंडर आधी तापवतो तो) दिवा विझेपर्यंत थांबायचं. ड्रायव्हर थांबत नाही आणि मग सुरू होत नाही म्हणून बोंब मारतात सगळे.

हिंदवाडी_ते_हिंजवडी

बुलेटला हे ०डब्ल्यू-२० चालेल का? घरी बाबांची पडून आहे.

उद्यमबाग_लेथ

नाही हो! बाईकचा क्लच तेलातच बुडालेला असतो. गाडीच्या पातळ तेलात घसरण वाढवणारी रसायनं असतात, क्लच निसटायला लागेल. डब्यावर जासो एमए२ (असल्या ओल्या क्लचच्या बाईकसाठीचं प्रमाण) आहे का बघा आणि पुस्तकातला ग्रेड घाला. असले प्रश्न पडतात ते कालच्या त्या पोस्टमुळंच.

निपाणी_नाका

तुम्ही सगळे तेलावर भांडताय. दुखणं टाकीत आहे. सगळ्या पंपांवर आता वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते, म्हणून सकाळी गार इंजिन नखरे करतं. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि तुमचं ते महागाचं सिंथेटिक पातळ करून टाकतं. लिटरमागं इथेनॉलची ऊर्जा बघाल तर पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा कमी. ॲव्हरेज गेलं, रबरी पाइप गेले, आणि वर म्हणे देशसेवा. फायदा कुणाचा? साखर कारखान्यांचा.

ऊसमळा_रायबाग

आला का ऊस मध्ये? वाटच बघायलोते.

दादा, कारखान्याचा फायदा म्हणताय ना, मग कारखान्यापुढं जाऊन बोला. आमच्याकडं काय बघताय? २०२५-२६ च्या हंगामाला टनाला ३,५५० एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, ती पण १०.२५ टक्के उताऱ्याची (उसातनं निघणाऱ्या साखरेची), आणि तोडणी-वाहतूक त्यातनंच कापायची. २०२५ च्या नोव्हेंबरात गुर्लापूरला दिवसरात्र रस्त्यावर बसल्यावर कुठं तोडणी-वाहतूक सोडून ३,३०० कबूल केले. इथेनॉल आहे म्हणून बिलं जरा तरी लवकर निघायलीत. २०२३ च्या डिसेंबरात रसापासनं इथेनॉल करायला अचानक बंदी घातली तेव्हा आमचं काय झालं, ते निपाणीच्या नाक्यावर बसून दिसलं नसेल. आणि आता निम्म्याच्या वर इथेनॉल मका-तांदळाचं असतंय. मग सगळा राग उसावरच का?

निपाणी_नाका

अक्का, राग उसावर नाही, ट्रॉलीवर आहे. दोन-दोन ट्रॉल्या जोडून, वर गाणी लावून, मागं एक लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. परवा रात्री चिकोडी रोडला अंधारात मागून धडकता धडकता वाचलो. बायको-पोरं गाडीत होती. बोला यावर!

ऊसमळा_रायबाग

बोलते की. ट्रॉली आमची नसते, वाहतूकदाराची असते. तरी आमच्या गावात पोरांनी पोत्यावर लाल रेडियम चिकटवून प्रत्येक ट्रॉलीला मागं बांधलंय, स्वतःच्या खर्चानं. तुम्ही अप्पर लाइट मारत ऐंशीनं येणार आणि समोरचा दिसला नाही म्हणून आम्हाला शिव्या घालणार. माझा चुलतभाऊ ट्रॉलीवरच गेला, मागनं आलेल्या कारनं. ती कार बघा किती शिकलेल्या माणसाची होती.

निपाणी_नाका

वाईट वाटलं. खरंच. पण म्हणून दिवे लावायचे नाहीत असं होत नाही.

ऊसमळा_रायबाग

लावायचे नाहीत असं मी कुठं म्हटलं? वाचायला चष्मा लागतोय का?

हिंदवाडी_ते_हिंजवडी

धागा मोटार तेलाचा होता ना? बेळगावीत सगळे विषय उसावरच जातात का?

सुभेदार_निवृत्त

बेळगाव म्हणा. २०१४ ला पाटी बदलली, आमची जीभ नाही बदलली.

नियंत्रक

नावाचा विषय इथं नको. त्यासाठी वेगळा धागा आहे, तिथं आधीच अकराशे उत्तरं पडलीत. ट्रॉलीचंही थांबवा.

ऊसमळा_रायबाग

थांबते, पण तेलाचं सांगूनच. आमचा ट्रॅक्टर पहाटे चारला फडात सुरू होतोय, दव पडलेलं असताना. १५डब्ल्यू-४०, साधं, दर २५० तासांनी बदलायचं. सोळा वर्षं झाली, इंजिन अजून उघडलं नाही. सासरे वहीत तास लिहून ठेवायचे, आता मी लिहिते. तुमच्यापैकी किती जणांनी गाडीचे किलोमीटर वहीत लिहिलेत, सांगा.

उद्यमबाग_लेथ

अक्कांनी लाखात एक सांगितलं. निपाणीकरांचंही थोडं खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. पण वीस टक्क्यांना दहा-बारा अंशात इंजिन सुरूच होणार नाही इतकं काही नाही. तेल पातळ होतं ते छोट्या फेऱ्यांमुळं. तिसऱ्या गेटापासनं शाळा, शाळेपासनं घर. चार-पाच किलोमीटरात पाणी तापतं पण तेल तापत नाही. आत वाफेचं पाणी साठतं, त्यात पेट्रोल मिसळतं. तेलाचं झाकण काढून त्याच्या खालच्या बाजूला बघा, पांढरी मलई दिसेल. अशा गाडीला सिंथेटिक घातलं म्हणून दहा हजार किलोमीटर चालवू नका, वर्ष झालं की बदला. पैसे तिथं वाचतात.

गेट_नंबर_तीन

म्हणजे मान्य केलंत ना काका, सिंथेटिक जास्त टिकतं? मिनरल पाच हजाराला बदलायचं, सिंथेटिक दहा हजाराला. हिशोब बरोबरच येतो. शिवाय नवीन पेट्रोल गाड्यांच्या पुस्तकात ०डब्ल्यू-२० आणि ०डब्ल्यू-१६ लिहिलेलं असतं. कंपनीचे इंजिनिअर वेडे आहेत का?

उद्यमबाग_लेथ

इंजिनिअर वेडे नाहीत. त्या इंजिनांचा तेलपंप आणि बेअरिंगमधली फट पातळ तेल धरूनच ठरवलेली असते, शिवाय ॲव्हरेज वाढवून दाखवायचं असतं. तिथं २०डब्ल्यू-५० घालणारा माणूस वेडा. टर्बो असेल तरी सिंथेटिकच घाला, मी स्वतः सांगेन. बीएस-६ डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो, तिथं कमी राखेचं तेल लागतं, ते स्वस्तात बघूच नका. हे सगळं मान्य. पण तुमची गाडी २०१४ ची. पुस्तकात काय लिहिलंय?

गेट_नंबर_तीन

पुस्तक सापडत नाही.

कणकुंबीचं_धुकं

😂

हिंदवाडी_ते_हिंजवडी

पुस्तकाचं जाऊ द्या, डब्यात काय असतं त्याची तरी खात्री कुठं आहे? एका गॅरेजमध्ये, नाव घेत नाही, बिल फुल सिंथेटिकचं लावलं आणि आतून बॅरलमधलं सुट्टं ओतून आणलं. मी चहा प्यायला गेलो होतो तेवढ्यात. नशीब, पोरगा ओळखीचा होता, त्यानंच नंतर सांगितलं. तेव्हापासून डबा मी नेतो, सील माझ्यासमोर फोडायला लावतो आणि रिकामा डबा झाकणाला भोक पाडून घरी आणतो.

सुभेदार_निवृत्त

भोक पाडायची कल्पना चांगली आहे. आम्ही रिकाम्या डब्यात कोथिंबीर लावतो.

बाकी गेटवाले साहेब, एक साधा प्रश्न. दुपारी एका चावीत सुरू होते म्हणालात. बॅटरी किती जुनी? गारठ्यात बॅटरीचा दम कमी होतो, हे लेहच्या पहिल्या आठवड्यात कळतं. स्टार्टर जोरात फिरतो आणि गाडी घेत नाही, की स्टार्टरच रडत फिरतो?

गेट_नंबर_तीन

...रडत फिरतो.

उद्यमबाग_लेथ

झालं.

गेट_नंबर_तीन

तीन तास गायब होतो, कारण बॅटरीवाल्याकडं गेलो होतो. साडेचार वर्षं जुनी निघाली. चार्ज धरत नाही म्हणाला. नवीन टाकली. उद्या सकाळी बघू.

तरी माझा मुद्दा सोडत नाही. तेल पातळ असतं तर त्या जुन्या बॅटरीनंही अजून महिनाभर ओढलं असतं.

उद्यमबाग_लेथ

महिनाभर ओढलं असतं हे मान्य. बॅटरी मरायची तारीख पुढं ढकलण्यासाठी दोन हजारांचं तेल, हा नवीनच हिशोब.

निपाणी_नाका

आणि इथेनॉल?

ऊसमळा_रायबाग

झोपा आता, दादा. आमचा फड पहाटे सुरू व्हायचाय.

गेट_नंबर_तीन

पुस्तक सापडलं. पोरीच्या चित्रकलेच्या वह्यांखाली होतं. ५डब्ल्यू-३० लिहिलंय. ०डब्ल्यू-२० चा साडेतीन लिटरचा डबा गेल्या आठवड्यातच घेतलाय, सील फोडलेलं नाही, पण दुकानदार परत घेत नाही म्हणतोय. कुणाची नवीन गाडी असेल तर कळवा. दोनशे रुपये कमी करतो.

हिंदवाडी_ते_हिंजवडी

झाकणाला भोक नाही ना?