चर्चगेटचे जॅझ क्लब म्हणे मुंबईचं सुवर्णयुग!

गिरणगावकर: काल एकाने पोस्ट टाकली की ताजच्या बॉलरूमला आणि चर्चगेटच्या जुन्या जॅझ क्लबांच्या जागांना वारसा म्हणून पाट्या लावा, कारण 'खरी मुंबई तिथेच नाचली'. डोकं फिरलं वाचून. १९३५ला लिऑन ॲबीचा अमेरिकन बँड ताजला आला, काळ्या वादकांचा, मोठी गोष्ट आहे, मान्य. पण समोर नाचत कोण होतं? संस्थानिक, गोरे साहेब आणि गिरण्यांचे शेठ. त्यातल्याच एका शेठच्या गिरणीत माझा आजा साच्यावर होता, त्याची मुंबई लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाला शिट्ट्या मारत होती. त्या थिएटरसाठी कधी कुणाचा गळा भरून आला नाही तो?

बार्देशकर: नाचणारे शेठ होते रे, वाजवणारे कोण होते ते पण लिही की. गोव्यात चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली गरीब पोरं, मुंबईत उतरली की धोबीतलावला गावच्या कुडात, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोल्यांत, एक ट्रंक आणि एक पथारी, बस. माझा शापाय, म्हणजे आजोबा, चर्चगेटच्या एका हॉटेलात सॅक्सोफोन वाजवायचा. पांढरा कोट एकच, रात्री दोनला कुडात येऊन कॉलर साबणाने घासायचा आणि खिडकीत टांगायचा, सकाळी तिथे कोळशाचा धूर लागू नये म्हणून पाचला उठून परत आत घ्यायचा. मधल्या सुट्टीत जेवण किचनच्या दाराशी, उभ्याने. हा तुझा सुवर्णयुगवाला शेठ का?

कोरडा_दिवस: मूळ मुद्दा कुणी बोलतच नाहीये. हे सगळं मारलं मोरारजींच्या दारूबंदीने. १९४९चा कायदा आला आणि नाचाच्या हॉलचा जीव गेला. आम्हाला अजून दारू प्यायला परमिट नावाचा विनोद सहन करावा लागतो, माझ्या लग्नाच्या पार्टीत तर

बार्देशकर: दारूबंदीने क्लब मेले असतील तर साठच्या दशकात आमचा गोव्याचा संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना कुठे गात होते, पाणपोईवर? तुझ्या लग्नाचं नंतर सांग.

तबकडी: मला तर वाटतं पाटी हवीच, आणि ती हिंदी सिनेमासाठी हवी. रात्री हॉटेलात वाजवणारी हीच माणसं दिवसा रेकॉर्डिंगला जायची. चिक चॉकलेट, म्हणजे आल्दोनाचा आंतोनियो वाझ, ताजला बँड चालवायचा आणि संगीतकार सी. रामचंद्रांचा असिस्टंट होता. त्यांच्याच अलबेला सिनेमात (१९५१) तो स्वतः बँड घेऊन पडद्यावर दिसतो, झालरीच्या बाह्या घालून. खरं सांगायचं तर त्या गाण्यांमधला अर्धा जीव त्याच्या ट्रंपेटचा आहे, नाव मात्र एकाचंच.

अण्णाप्रेमी: आता आलात मुद्द्यावर! म्हणजे आमचे अण्णा, सी. रामचंद्र, चोर? अहो, पुणतांब्याचा माणूस, विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला, त्याला चाल सुचायला तुमचा ट्रंपेटवाला लागत होता का? चाल ज्याची त्याची. बाकी सगळं सजावट.

तबकडी: चोर कुणी म्हटलं? पण सजावट हा शब्द मागे घ्या. पेटीवर चाल म्हणून दाखवली की व्हायोलिन कुठे येणार, ब्रास कधी थांबणार, मधले तुकडे काय, हे बहुतेक वेळा अरेंजर लिहायचा आणि प्रत्येकाला आपापला कागद द्यायचा. ही काय कारकुनी आहे? मी स्वतः ऑर्केस्ट्रात दहा वर्षं कीबोर्ड वाजवलाय, मधला तुकडा काढून टाका आणि मग गणपतीत लोक नाचतात का बघा.

अण्णाप्रेमी: तुमच्या ऑर्केस्ट्राची आणि अण्णांची तुलना? धन्य.

बार्देशकर: माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, त्यांनी १९५८ला सेंट झेवियर्सच्या आवारात रागांवर सिंफनी वाजवून दाखवली, लताबाई आणि मन्ना डे गायला होते. ते पण सजावटवालेच का? शापायकडे अशा कागदांची पेटी होती, पेन्सिलीने लिहिलेल्या नोट्स, कोपऱ्यात चहाचा गोल डाग आणि शिफ्टचे किती पैसे राहिले त्याचा हिशेब. नाव कुठेच नाही. तो गेल्यावर सगळं रद्दीत गेलं. आम्हीच घातलं.

अण्णाप्रेमी: हे वाईट झालं. पण त्यात अण्णांचा दोष काय? आणि बाय द वे अण्णांनी चिकला पडद्यावर आणलं ना, मग नाव दिलं नाही कसं म्हणता?

तबकडी: बरं बाबा, एकाला दिलं. बाकी व्हायोलिनवाल्यांना झालरीच्या बाह्या पुरल्या नसतील.

कोरडा_दिवस: परमिटचा मुद्दा अजून तसाच आहे.

गिरणगावकर: मी तमाशाबद्दल विचारलं होतं, अख्खा धागा अण्णांनी नेला. बार्देशकर, तुमच्या शापायचं मला माहीत नव्हतं, कुड आणि आमच्या खोल्या सारख्याच दिसतायत, आमच्याकडे पण एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे. तरी माझं म्हणणं तेच आहे, बॉलरूमला पाटी लागेल आणि हनुमान थिएटरला कोण विचारतो. लावायचीच असेल तर हॉटेलच्या दर्शनी दाराला नको, किचनच्या दाराला लावा.

बार्देशकर: चालेल. खाली वादकांची नावं लिहायला अण्णाप्रेमी परवानगी देतील ना?

अण्णाप्रेमी: पाटी मराठीत असेल तर बघू.