सरावाची हलकी काडतुसं घरी भरावीत का?

मिरजकर (ओहायो)

मंडळी, मागच्या शनिवारी गटग (गेट-टुगेदर) होतं. बोलता बोलता तोंडून निघून गेलं की सरावाची काडतुसं मी घरीच भरतो, म्हणजे वापरलेल्या पुंगळीत नवा प्रायमर (बार पेटवणारी टोपी), दारू आणि गोळी बसवतो. समोरच्या बाईंनी श्रीखंडाची वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी तळघरात बॉम्ब करतो. घरी येताना गाडीत बायको म्हणाली, "आता पुढच्या वेळी आपल्याला बोलावतील की नाही देव जाणे." म्हणून हा धागा.

माझ्याकडे .३८ स्पेशल नावाच्या काडतुसाचं रिव्हॉल्व्हर आहे. रविवारी रेंजवर जातो, पन्नासेक गोळ्या झाडतो, घरी येतो. इथल्या संघराज्याच्या कायद्याने स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला परवाना लागत नाही. विकायची म्हटली तर लागतो. मी भरतो ती हलकी: धक्का कमी, आवाज कमी, कागदाला भोक पाडण्यापुरता जोर.

पहिलं कारण पैसा. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत गोळीबार झाला, कायदे कडक होणार अशी हूल उठली आणि लोकांनी दुकानं धुऊन नेली. .२२ च्या छोट्या काडतुसांची साधी डबी महिनोन्‌महिने मिळेना. २०२० मध्ये कोविडात पुन्हा तेच. काडतुसाच्या किमतीत मोठा वाटा पितळी पुंगळीचा, आणि ती तर परत परत वापरता येते. आपण दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणारी माणसं, पुंगळ्या टाकून कशा देणार?

दुसरं कारण बायको. कारखान्याच्या गोळीने पहिल्यांदा बार काढला तेव्हा तिने आधी डोळे मिटले, मग चाप ओढला. हलक्या काडतुसांवर दोन महिन्यांत तिच्या गोळ्या बशीएवढ्या जागेत यायला लागल्या.

आणि हे खूळ काही माझं एकट्याचं नाही. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मेणाच्या गोळ्यांनी माणसांनी समोरासमोर उभं राहून द्वंद्व खेळून दाखवलं होतं. तोंडावर मुखवटे, अंगात जाड कोट. पदकं नव्हती, नुसतं प्रात्यक्षिक. हलक्या गोळीवर सराव ही जुनी आणि शहाणी गोष्ट आहे.

ज्याला वजनकाटा सांभाळता येतो आणि ज्याचं चित्त ठिकाणावर असतं, त्याने खुशाल भरावीत, असं माझं मत. कसं भरायचं ते इथे लिहिणार नाही, व्यनि (खाजगी निरोप) करूनही विचारू नका.

दसरा चौक

मिरजकर, शेजारचे म्हणून जरा मोकळंच बोलतो. वहिनींचा नेम सुधारला ह्यात गोळीचं कौतुक कमी आणि वहिनींचं जास्त.

मी कोल्हापुरात पोरांना एअर रायफल शिकवतो. ह्या गावाने तेजस्विनी सावंत दिली, २०१० साली म्युनिकला जागतिक सुवर्ण. राही सरनोबत दिली, २०१८ चं आशियाई सुवर्ण. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला ४५१.४ गुण मारून कांस्य घेऊन आला. ह्या खेळात गोळी महाग हे रडगाणं आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहे. त्यावर आमचं औषध एकच, ड्राय प्रॅक्टिस. बंदूक रिकामी, समोर भिंत, भिंतीवर काळा ठिपका. उभं राहायचं, श्वास सोडायचा, चाप दाबायचा, आणि चाप सुटल्यावरही ठिपका जागेवर आहे का ते बघायचं. पोरं वैतागतात. आया विचारतात, "सर, हे नुसतंच टक् टक् किती दिवस?" नेम मात्र तिथंच तयार होतो.

हलक्या गोळीने दचकणं जात नाही, झाकलं जातं. भारी गोळी आली की पुन्हा वर येतं.

एक करून बघा. रिव्हॉल्व्हर रिकामं करा, दोनदा तपासा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. नळीच्या टोकाशी एक नाणं ठेवून दहा वेळा चाप ओढा. नाणं किती वेळा पडलं ते इथं लिहा. प्रामाणिकपणे.

मिरजकर (ओहायो)

सर, कोरडा सराव मीही करतो (रोज नाही, कबूल). पण कोरड्या पोळीवर जेवण होत नाही. भिंतीपुढे मी अर्जुन असतो. कानाशी बार झाला की खरा मी कळतो. तुमच्या एअर रायफलला धक्का जवळपास नाहीच, माझ्या हत्याराला आहे. त्याची सवय पायरी पायरीने करायची तर मधली पायरी नको का? नाण्याचं नंतर बघू.

फुस्स

नंतर बघू म्हणजे पडतंय.

मी न्यू जर्सीत एका रेंजवर शनिवार-रविवार सुरक्षेचं काम बघतो. आयडी उगाच नाही घेतला. मला भीती वाटते ती मोठ्या आवाजाची नाही, फुस्स आवाजाची. दारू कमी पडली किंवा पडलीच नाही, तर नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी पुंगळीतून सुटते, नळीत शिरते आणि तिथेच अडकते. पुढची गोळी तिच्यावर जाऊन आदळते. मग नळी फुगते, नाहीतर फाटते.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ, तुमच्यासारखेच रिव्हॉल्व्हरवाले, घरी भरलेली हलकी काडतुसं झाडत होते. मला एक बार वेगळा वाटला. मी ओरडलो, "थांबा!" ते म्हणाले, "अहो, माझी सगळीच अशी वाजतात." पंधरा मिनिटं नीट थांबलो, हत्यार रिकामं केलं आणि पितळी गज नळीत घातला. चार बोटं आत गेला आणि टक्‌कन थांबला. गृहस्थ खाली बसले. पाणी मागितलं.

"माझी सगळीच अशी वाजतात" हीच गोम आहे. भारी काडतुसांत फुसका बार लगेच कानाला खटकतो. सगळीच हलकी भरलीत तर ओळखणार कसा? आणि पुढची गोळी आपोआप वर घेणारं पिस्तूल असतं तर अशा बारानंतर बहुधा स्वतःच अडकलं असतं, पुढची गोळी वर आलीच नसती. रिव्हॉल्व्हरला ती लाज नाही. चाप ओढला की पुढचं घर हजर.

उलटी चूकही आहेच. .३८ स्पेशल मुळात काळ्या दारूच्या काळातलं, त्याची पुंगळी लांब. हलका भार तळाशी बसतो आणि वर भरपूर जागा उरते. चुकून दोनदा दारू पडली तरी बाहेर सांडत नाही, त्यामुळे डोळ्याला दिसत नाही. फोन वाजला, दारावर कुणी आलं, बस्स.

घरगुती कारागिरीचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण ब्रूस लीच्या मुलाचं. ३१ मार्च १९९३, नॉर्थ कॅरोलायनातलं विल्मिंग्टन. चित्रीकरणासाठी खऱ्या काडतुसांतली दारू काढून तिथल्या तिथेच खोटी काडतुसं केली होती, पण एकातला प्रायमर जिवंत राहिला. गोळी नळीत अडकली, कुणी गज घालून पाहिलं नाही. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये गोळीविना नुसत्या आवाजाचं काडतूस घातलं आणि त्याच्या जोराने अडकलेली गोळी सुटली. ब्रँडन ली २८ वर्षांचा होता.

आंबोलीचो धुको

फुस्सराव, तुमच्या गजावरून आमचे आजोबा आठवले. शेतीसंरक्षणासाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती, रानडुकरं आणि वानरांसाठी. तिथे प्रत्येक बार घरीच भरायचा. दारू मापून, गजाने ठासून. त्या गजावर सुरीने एक खाच केलेली. गज नळीत सोडला आणि खाच तोंडाशी आली की बंदूक रिकामी. वर राहिली की आत बार आहे. माळ्यावरून बंदूक उतरवली की पहिलं काम हेच, मग बाकी बोलणं. शाळा चौथीपर्यंतच, पण शिस्त बघा!

तेव्हा घरी भरणं म्हणजेच अडाणीपणा, हे मला पटत नाही. मिरजकरांना माझा पाठिंबा. श्रीखंडवाल्या बाईंना कोकणात पाठवा.

कलम पाच

सगळ्यांचं बोलून झालं असेल तर भारतात बसून वाचणाऱ्यांसाठी चार ओळी, कारण कोणीतरी उत्साहाने उठेल. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येत नुसतं तयार काडतूस नाही, त्याचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही येतात. बनवायला कलम ५ खाली परवाना लागतो. तो नसताना बनवलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. दारूसाठी स्फोटकांचा १८८४ चा कायदा आणखी वेगळा. बंदुकीचा परवाना म्हणजे कारखान्याचा परवाना नव्हे. आजोबांचा काळ आणि आजोबांचा परवाना आजोबांबरोबर.

चहा-पोहे

मला नेमबाजीत शून्य रस आहे, नवऱ्याला आहे. टेक्ससमध्ये राहतो. तोही भरायचा. घरात जागा नव्हती म्हणून जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून. काम झालं की टेबल नीट पुसून घ्यायचा, त्या बाबतीत व्यवस्थित माणूस.

धाकटी दोन वर्षांची झाली, नेहमीच्या तपासणीत रक्तातलं शिसं बघितलं. ६ आलं. इथे मुलांसाठी २०२१ पासून डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की लक्ष घालतात. डॉक्टरीण बाईंनी सगळं विचारलं: घर किती जुनं, रंग उडालाय का, भारतातून मसाले आणता का, काजळ घालता का. मी हळदीच्या डब्यापासून सगळं संशयाने बघायला लागले. सासूबाईंनी प्रेमाने पाठवलेली काजळाची डबी टाकून दिली. शेवटी बाई सहज म्हणाल्या, "घरात कुणी शिकार, नेमबाजी, मासेमारी?"

टेबल तो पुसायचा हो. पण टेबलाखालचा गालिचा? पोरगी दिवसभर तिथेच रांगायची, पडलेली पोह्याची शितं वेचून खायची. वापरलेल्या पुंगळ्यांत प्रायमरची राख असते, तिच्यात शिसं. गोळ्याही शिशाच्या. हाताला, शर्टाच्या बाहीला लागतं, दिसत काही नाही.

गालिचा टाकला, ते सगळं सामान विकलं, आठ महिन्यांनी आकडा २ वर आला. नवरा रेंजवर अजून जातो. आल्यावर बूट बाहेर, कपडे थेट मशीनमध्ये, आंघोळ, मग पोरीला हात लावायचा. मिरजकर, तुमचं टेबल कुठे आहे?

आंबोलीचो धुको

ताई, पण शिसं कारखान्याच्या काडतुसातही असतंच ना? बंद रेंजवर गेलं तरी नाकातोंडात जाणारच. मग घरी भरण्यालाच दोष का?

चहा-पोहे

असतंच. पण रेंजवर माझी मुलगी रांगत नाही.

पॉइंट टू-टू

मला एक कळत नाही, सगळे .३८ लाच का चिकटून बसलेत? हलक्या गोळीचा प्रश्न पावणेदोनशे वर्षांपूर्वी सुटलाय. १८४५ च्या सुमारास पॅरिसच्या फ्लोबेरने दिवाणखान्यात नेमबाजी करता यावी म्हणून इवलंसं काडतूस काढलं. बाहेर पाऊस पडत असला की पाहुणे घरातच नेम धरायचे. तिथूनच पुढे १८५७ साली स्मिथ अँड वेसनचं .२२ शॉर्ट आलं, १८८७ साली .२२ लाँग रायफल, जे आजही जगभर सरावाला वापरतात. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. सगळं कारखान्यात मोजून, तोलून.

आपल्यापैकी जे एनसीसीत होते त्यांनी आयुष्यातला पहिला बार ह्याच काडतुसाचा काढलाय. आमच्या कॅम्पला चांदमारीत झोपून पाच राउंड, २५ यार्डांवर. उस्ताद एकेकाच्या पायाला बुटाने टोचून पाय फाकवायचे. संपल्यावर पाच पुंगळ्या मोजून परत. माझी एक गवतात हरवली तर अख्खी तुकडी अर्धा तास गुडघ्यावर! पाच गोळ्यांची ती किंमत अजून डोक्यात आहे.

मिरजकर, वहिनींना शिकवायचं होतं तर .२२ चं रिव्हॉल्व्हर घ्यायचं. मधली पायरी दुकानात मिळते.

मिरजकर (ओहायो)

.२२ घ्या म्हणता, पण मी वर लिहिलंय की टंचाईत सगळ्यात आधी तेच गायब झालं. आणि .२२ भरता येत नाही, एकदा वापरलं की पुंगळी टाकायची. म्हणजे पुन्हा दुकानदाराच्या तोंडाकडे बघणं आलं. त्या मुद्द्यावर मी हटत नाही.

फुस्सराव, तुमची "सगळीच अशी वाजतात" ही ओळ मात्र लागली. हेच वाक्य मी रेंजवर अभिमानाने म्हणालोय. पितळी गज मागवला. आंबोलीकरांच्या आजोबांसारखी खाच करून घेईन. हलक्या काडतुसांचा एक डबा भरलेला होता. रात्री एकेक काट्यावर ठेवून बघत होतो, पण पुंगळ्याच वजनाला कमीजास्त, त्यात दारूचा फरक कुठे कळणार? सगळी खोलून टाकतोय.

चहा-पोहे ताई, टेबल तळघरात आहे. धुण्याचं मशीनही तळघरातच आहे, आणि नातू उन्हाळ्यात येतो तेव्हा त्याची खेळण्याची पेटी तिथेच असते. हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. टेबल गॅरेजात नेतोय. तळघरातला गालिचा काढायला उद्या माणूस येणार आहे. बायकोने धागा वाचला, त्यामुळे ह्यात माझं मत कुणी विचारलेलं नाही.

भरणं बंद करणार नाही. हलकं भरणं तूर्तास थांबवलंय.

दसरा चौक

ते सगळं झ्याक. नाणं?

मिरजकर (ओहायो)

दहापैकी सात वेळा पडलं. मग बायकोने करून बघितलं. तिचं एकदाच.