मदत हवी आहे : निन्टेंडोने कार्ट्रिज का सोडली नाही?

मंडळी, एमबीएच्या केस स्टडीसाठी निन्टेंडो ही जपानी व्हिडिओ गेम कंपनी घेतलीये आणि एका मुद्द्यावर गाडी अडलीये.

१९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने निन्टेंडोसोबतचा सीडीवाला कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) जाहीर केला. दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने फिलिप्सशी हातमिळवणी जाहीर करून सोनीला तोंडघशी पाडलं. त्यातूनच पुढे सोनीचा स्वतःचा कन्सोल, प्लेस्टेशन, आला. इथवर ठीक. पण १९९६ ला निन्टेंडो ६४ हा कन्सोल आणताना पुन्हा कार्ट्रिजच (गेमची चिप असलेली, कन्सोलमध्ये खोचायची डबी)? तिच्यात जास्तीत जास्त ६४ एमबी, सीडीत साडेसहाशेच्या आसपास. वर बनवायला महाग. गेम पडला तर न खपलेला महागडा माल प्रकाशकाच्या गळ्यात. स्क्वेअर या जपानी गेम कंपनीने १९९७ मध्ये फायनल फँटसी ७ हा गेम तीन सीड्यांवर प्लेस्टेशनला दिला, तो काय उगाच?

कार्ट्रिज पटकन लोड होते, पायरसीही अवघड, मान्य. पण मला वाटतं, कार्ट्रिज स्वतः बनवून देण्यातली कमाई आणि प्रकाशकांवरचा वचक निन्टेंडोला सोडवत नव्हता. सर म्हणतात, पुरावा दाखव!

त्या काळातले लायसन्स करार, वार्षिक अहवाल, मुलाखती कुठे वाचायला मिळतील? जपानी येणारं कुणी असेल तर फारच उत्तम. आणि सोबत तेव्हाची दुसरी कन्सोल कंपनी सेगाही घेऊ, की विषय भरकटेल?