मदत हवी आहे: बांबूच्या गोठ्यातून भुसा गळतोय, पुढची कामं अडकली

धारूरचा_गट
ऊसतोडीला जाणाऱ्या घरच्या ११ पोरांचा गट आहे, बांबूचे शेळीगोठे बांधतो. दीड महिन्यापूर्वी दिलेल्या गोठ्यातून पिवळा भुसा गळतोय, वाशांना टाचणीएवढी भोकं. औषध मारलं होतं. मालक उरलेले पैसे देईना, दोन गोठे थांबलेत. काय फवारू? लवकर सांगा, पोरं ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घ्यायच्या बेतात आहेत.

सुतारकी
औषध कोणतं? बांबू कोणता, तोडला कधी, किती वर्षांचा?

शिवारातला
जळकं ऑइल पुसा, विषय संपला.

सुतारकी
ऑइल सालीवरच राहतं, आत शिरत नाही. शिवाय शेळ्या वासे चाटतात.

पाइपवाला
लोखंडी पाइप लावा ना, बांबू कशाला?

धारूरचा_गट
काटस (काटेरी बांबू) आहे, ओढ्याकाठचा. जुलैत तोडला, बांबूच्या बेटाच्या कडेचा. क्लोरपायरीफॉस पंपाने मारलं.

सुतारकी
मग बांबू पोखरणारा भुंगा येणारच. बेटाच्या कडेला कोवळे, जुने मधे. काटसात मधे शिरायला काटे आडवे येतात म्हणून सगळे कडेचे तोडतात. पांढरी भुकटी नि पापुद्रे अंगावर असलेला कोवळा. डाग पडलेला, फिका, ठोकल्यावर खणखणणारा ३ वर्षांच्या पुढचा. तोच घ्या, तोही दिवाळीनंतर. पावसाळ्यात कोंब येतात, बांबूत पीठ (स्टार्च) जास्त, भुंगा त्यावरच जगतो.

न लावलेले बांबू वाचतील. २२ फुटी चर खोदून शेततळ्याचा कागद अंथरा. १००० लिटर पाण्याला २० किलो बोरिक, ३० किलो बोरॅक्स (आपला टाकणखार), गरम पाण्यात विरघळवून. आतले पडदे १२ मिमी सळईने फोडा, नाहीतर द्रावण आत जात नाही. वर दगड ठेवा. जो भाग तरंगतो तिथूनच पोखरतो. ८-१० दिवस भिजवा, सावलीत उभे वाळवा. पावसात हे बोरिक-बोरॅक्स धुऊन निघतं, म्हणून खांब जमिनीत पुरू नका. दीड फूट काँक्रीटच्या ठोकळ्यावर घ्या, पत्रा २ फूट बाहेर काढा.

बांधलेल्या गोठ्यात पोखरलेले वासे बदला. बाकीच्यांच्या प्रत्येक कांड्याला बारीक भोक पाडून सिरिंजने द्रावण घाला, मेणाने बुजवा. ही डागडुजी आहे, पक्का इलाज नाही.

शिवारातला
एवढा खटाटोप? विहिरीत २० दिवस बुडवून ठेवा.

सुतारकी
त्याने पीठ कमी होतं, वाळवी थांबत नाही.

बांधावरचा
वाहतूक पास काढलाय का?

कायदेकानू
वन कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू 'झाड' धरत नाहीत, शेतातल्याला लागत नाही. वनातला असेल तर नियम वेगळे. आणि पोरांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करा: वय १८ ते ६०, वर्षात ९० दिवस कामाचा दाखला.

पाइपवाला
९० दिवस भरतील का? पावसाळ्यात काम नाही.

सुतारकी
वर्षच तसं बांधायचं. नोव्हेंबर-फेब्रुवारी तोड आणि भिजवण, मार्च-मे बांधणी, पावसाळ्यात छपराखाली जाळ्या, गव्हाणी, दारं, सोबत रोपवाटिका. ठरलेल्या रकमेची निम्मी काम सुरू व्हायच्या आधी घ्या.

धारूरचा_गट
चर उद्याच खोदतो. बोरिक म्हणजे कॅरमवर टाकतात तीच का? अन् गोठेवाल्याला काय सांगू?

सुतारकी
तीच, पण डबीतली महाग पडेल. केमिकलच्या दुकानातून गोणी घ्या. गोठेवाल्याला सांगा, वासे बदलून देतो, तोवर पैसे अडवू नका.