स्ट्रॉबेरीच्या पनेटवर (छोट्या डब्यावर) लॉट नंबर मागतायत, सगळ्यांचा माल एकत्र होतो तर द्यायचा कसा?

पाचगणी_शेड
नमस्कार मंडळी. आमचं छोटं पॅकिंग शेड आहे, घरचा प्लॉट आणि आजूबाजूच्या सात-आठ जणांची स्ट्रॉबेरी येते, विंटर डॉन जातीची जास्त, थोडी स्वीट चार्ली. मुंबईचा एक खरेदीदार म्हणतो प्रत्येक पनेटवर लॉट नंबर पाहिजे, आणि त्यावरून कुठला प्लॉट, तोडणी कधीची, शेवटची फवारणी कुठली हे लगेच सांगता आलं पाहिजे. पण सकाळी क्रेट आले की ग्रेडिंगच्या टेबलावर सगळं एकत्रच होतं, दुपारी गाडी निघायची असते, माणसं कमी. क्यूआर स्टिकरवाले येऊन गेले, ते घेतलं की भागेल का?

द्राक्ष_निफाड
दादा, नुसत्या स्टिकरने नाही भागणार. द्राक्षात 2006 पासून अपेडाचं (केंद्र सरकारची शेतमाल निर्यात संस्था) ग्रेपनेट आहे, म्हणजे निर्यातीच्या बागांची ऑनलाइन नोंद, तिथे नंबर बागेलाच मिळतो, तोडणीआधी लॅबवाले त्याच बागेतून नमुना नेतात, फेल झाला तर ती बाग एक्सपोर्टमधून बाहेर, शेजारच्याची चालू. 2010 ला युरोपात सीसीसी या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडून आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते, तेव्हापासून नंबराची किंमत सगळ्यांना कळली. तुम्ही पण नंबर प्लॉटपासून सुरू करा, शेडपासून नको.

क्वालिटी_ताई
मी पॅकहाऊसला क्वालिटी बघते. भाऊ, तुमचा नंबर टेबलावर तुटतोय, तिथेच लक्ष द्या. शेतातच प्रत्येक क्रेटला चिठ्ठी, शेतकऱ्याचा कोड, प्लॉट, तारीख. टेबलावर एका वेळी एकाचाच माल, तो संपला की टेबल रिकामं, मग पुढचा. वेगळी जागा लागत नाही, फक्त क्रम पाळायचा. फवारणीची वही शेतकऱ्याकडून आधी बघून घ्या, औषधाचा काढणीपूर्व कालावधी (फवारणीनंतर तोडणीआधी थांबायचे दिवस) संपला नसेल तर तो क्रेट आत घेऊच नका. आणि कुठला लॉट कुठल्या गाडीत गेला हे लिहून ठेवा, नाहीतर मागचं कळेल पण माल गेला कुठे ते नाही कळणार. वही चालते, क्यूआर नंतर.

पाचगणी_शेड
ताई, शेवटी अर्धं पनेट उरतं ते पुढच्याच्या मालाने भरतो, तेवढं चालेल ना? आणि दुय्यम माल पल्पवाल्याकडे जातो, त्याला नंबर कशाला?

क्वालिटी_ताई
नाही चालणार, एका पनेटमुळे दोन्ही लॉट अडकतात. उरलेलं लोकल विक्रीला काढा. आणि पल्पच्या मालाला तर नंबर हवाच. 2012 ला जर्मनीत चीनहून आलेल्या फ्रोजन स्ट्रॉबेरीतून उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस पसरला, जवळजवळ 11 हजार लोक आजारी पडले, त्यात शाळेतली पोरं खूप. वेगवेगळ्या किचनमधला माल मागे शोधत गेले तेव्हा एकाच लॉटपर्यंत पोचले म्हणून उरलेला माल थांबवता आला. फ्रोजन माल महिनोन् महिने टिकतो, तुमचा सीझन संपल्यावरही कुणीतरी तो खात असतं.

पाचगणी_शेड
पटलं. उद्या शेतकऱ्यांना बोलावून कोड वाटतो, आधी चिठ्ठ्यांनीच सुरू करू. दवात चिठ्ठी भिजते, त्याला काय वापरता?

द्राक्ष_निफाड
प्लॅस्टिकचे टॅग घ्या आणि पक्क्या शाईचा मार्कर.