सप्टेंबरात कास आणि हरिश्चंद्रगड: छोट्या मिररलेससोबत कुठल्या लेन्स न्याव्यात?

पायवाट:
नमस्कार मंडळी, सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आधी कास आणि तिथून पुढे पाचनईवरून हरिश्चंद्रगड असा बेत आहे, गडावर एक मुक्काम. कॅमेरा सोनी ए ६४००, सोबत आलेल्या १६-५० आणि ५५-२१० (मिमी) या दोन लेन्स. सॅकमध्ये शिधा, पाणी, कपडे सगळं असणार म्हणून कॅमेऱ्याचं सामान दोन किलोच्या आत बसवायचंय. ग्रुपमधले सगळे सांगतायत की लँडस्केप म्हणजे वाइड (रुंद दृश्य टिपणारी लेन्स), ५५-२१० घरी ठेव आणि १०-२० घे. बजेट ओढूनताणून बसेल पण खरंच गरज आहे का? ट्रायपॉड न्यावा का? आणि पावसाचं काय करता तुम्ही लोक? फोटो मोठे प्रिंट करून भिंतीवर लावायचेत, म्हणून जरा मनापासून विचारतोय.

घाटमाथा:
१०-२० आत्ता घेऊ नका आणि ५५-२१० तर अजिबात घरी ठेवू नका. कासला वाइडने काढलेले फोटो बघा, समोर चार फुलं, मागे गवत आणि वर अर्धी फ्रेम पांढरं आभाळ. डोळ्याला तेरड्याचा जो गुलाबी गालिचा दिसतो तो वाइडमध्ये विरळ होऊन जातो, कारण जवळच्या आणि लांबच्या फुलांमधलं अंतर ताणलं जातं. तोच पट्टा पायवाटेवर लांब उभं राहून १५०-२०० ला काढा, गुलाबी, मध्ये कवळ्याचा पिवळा, मागे धुकं, सगळं एकावर एक दाट बसतं. शिवाय पायवाट सोडून फुलांत पाय टाकायचा मोह होत नाही, आणि तो टाकायचाच नाही, एक माणूस फोटोसाठी आत शिरला की मागून दहा शिरतात आणि तिथली फुलं त्या वर्षापुरती संपली. कासला वारा कायम असतो त्यामुळे फुलांसाठी शटर १/२५० च्या खाली नेऊ नका, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० झाला तरी चालेल. बुकिंग ऑनलाइन करून मधल्या वारीच जा, शनिवार-रविवारी माणसंच फ्रेममध्ये येतात.

गडाच्या पश्चिमेच्या कोकणकड्यावर पण तेच. वाइडची सवय असली की सगळा कडा एका फोटोत कोंबायचा प्रयत्न होतो, तो फोटो प्रत्येकाकडे आहे. ढग फाटतात तेव्हा खाली बेलपाड्याकडची भातखाचरं मिनिटभर दिसतात, ओली, चकाकणारी, आणि परत झाकली जातात, ते २१० चं काम आहे. त्यासाठी लेन्स आधीच लावून बसायचं, ढग फाटल्यावर बदलायला गेलात तर गेलं. आणि त्या वाऱ्यात, त्या बाष्पात लेन्स बदलायचीच नसते.

वाइड लागते ती गुहेत आणि देवळापाशी. केदारेश्वराच्या गुहेत पाणी, पिंड आणि तो एकच शाबूत खांब एकत्र बसवायला तुमची १६ पुरते, तुमच्या लहान सेन्सरचा १.५ क्रॉप धरला की ती फुल फ्रेमवरच्या २४ सारखी होते. कोपरे जरा मऊ येतात, अ‍ॅपर्चर एफ ८ ला ठेवलं की सुधारतात. गुहेत अंधार असतो, तिथे कॅमेरा काठावरच्या दगडावर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावा.

खर्च करायचाच असेल तर एका चांगल्या पोलरायझरवर (लेन्सपुढे लावून फिरवायचा, चमक कापणारा फिल्टर) करा, पावसाळ्यात या एका काचेइतका फरक दुसरं काहीच पाडत नाही. ओली पानं आणि ओला कातळ आभाळाची चमक परतवतात म्हणून हिरवा रंग धुतल्यासारखा येतो, फिल्टर फिरवला की ती चमक जाते आणि खरा रंग वर येतो. १६-५० चा फिल्टर बसवायचा थ्रेड ४०.५ मिमी आहे, ५५-२१० चा ४९. म्हणून ४९ चा एकच फिल्टर आणि ४०.५ वरून ४९ करणारी स्टेप-अप रिंग घ्या, दोन्ही लेन्सचं काम भागतं. साधारण दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड खातो तेवढं लक्षात ठेवा.

रानवाट:
वरच्यांशी सहमत पण ट्रायपॉडबद्दल माझं मत वेगळं आहे, नेऊच नका. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही हे खरं पण तुमच्या दोन्ही लेन्समध्ये आहे. (म्हणूनच १६-५० विकून सिग्मा १८-५० घ्या असं कोणी सांगितलं तर थांबा, ती लेन्स उजवी आहे पण तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही.) कोकणकड्यावर वारा खालून वर येतो, पाऊससुद्धा खालून येतो, तिथे किलोभराचा ट्रॅव्हल ट्रायपॉड थरथरत राहतो आणि माणूस कडेपाशी त्याचे पाय सावरत बसतो, जे मला बघवत नाही. झोपून कड्याच्या आत राहून कोपरं टेकवा, तेवढं पुरतं.

मी स्वतः ओएम सिस्टिमचा ओएम-५ कॅमेरा वापरतो, १२-४५ एफ ४ सोबत, दोन्ही मिळून सातशे ग्रॅमच्या आत. सेन्सर तुमच्याहून लहान, पण पाणी-धूळ रोखणारं सीलिंग आहे म्हणून रिमझिमीत बाहेर ठेवता येतो, आणि लाइव्ह एनडीने (जास्त वेळ शटर उघडं ठेवल्याचा परिणाम कॅमेऱ्यातच देणारी सोय) धबधब्याचं पाणी हातातच दुधासारखं येतं. अर्थात भिंतीवरच्या प्रिंटसाठी तुमचा ए ६४०० काही कमी नाही, त्यासाठी कॅमेरा बदलायची गरज नाही.

पायवाट:
वा, म्हणजे पैसे वाचले. आता पावसाचं सांगा, माझ्या लेन्सना सीलिंग नाही ना? आणि धुक्यात फोटो राखाडी येतात, फोकस पण नुसता मागेपुढे करत बसतो, त्याला काय करायचं?

घाटमाथा:
बॉडी ओलसरपणा थोडा सहन करते पण या दोन लेन्सना माउंटपाशी रबर नाही, म्हणजे पाणी तिथूनच शिरणार. अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी मिळते ना, ती कॅमेऱ्यावर उलटी घालायची, फोटो काढताना मागे सरकवायची. कासला छत्री उत्तम, गडावर छत्री उलटी होते, तिथे सॅकच्या छातीच्या पट्ट्याला अडकवलेली छोटी पिशवी आणि आत झिप पाउच. लेन्स पुसायला तीन-चार सुती रुमाल वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, एक ओला झाला की तो परत वापरायचा नाही, नाहीतर काच पुसली जात नाही, फक्त फासली जाते.

धुकं पांढरं असतं आणि कॅमेरा त्याला राखाडी समजून फोटो अंधारतो, म्हणून एक्स्पोजर +०.७ ते +१ करा आणि हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघा. फोकससाठी झाडाचं खोड, कड्याची कडा अशी ठळक रेष पकडा, नाही पकडली तर मॅन्युअलवर जाऊन पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणारी सोय) लावा. फोटो रॉमध्येच (सेन्सरची मूळ माहिती जपणारी फाइल) काढा, धुक्यातले सूक्ष्म फरक जेपेगमधून नंतर ओढून काढता येत नाहीत.

आणि सकाळी लवकर कड्यावर जाऊन बसा. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी सूर्य पाठीशी आणि समोर खाली दरीत धुकं असेल तर इंद्रवज्र दिसू शकतं, गोल इंद्रधनुष्य आणि मधोमध आपली सावली. ते दिसलं तर १६-५० लावा आणि त्या दिवशी पोलरायझर काढून ठेवा, फिरवता फिरवता रंगच पुसले जातात.

भंडारदऱ्याचा:
दोन गोष्टी राहिल्यात. बॅटरी: ए ६४०० ची लवकर उतरते, दोन जास्तीच्या ठेवा, आणि चार्जिंगला मायक्रो यूएसबी केबल लागते, फोनची टाइप सी चालणार नाही, पॉवर बँकसोबत तीच केबल बांधून ठेवा. दुसरं म्हणजे हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, ग्रुपमध्ये कोणी ड्रोन आणणार असेल तर परवानगीशिवाय नको म्हणून आधीच सांगा.

पायवाट:
ड्रोनचं सांगतो सगळ्यांना. घरी आल्यावर लेन्स कशा वाळवायच्या? तांदळाच्या डब्यात ठेवतात ना?

रानवाट:
तांदळात नको, त्याची पूड लेन्समध्ये जाते. परत येताना गाडीत एसीच्या झोतासमोर बॅग ठेवू नका, थंड झालेली काच बाहेर काढली की लगेच दमट होते. घरी आल्यावर बॉडी आणि लेन्स बाहेरून कोरड्या कापडाने पुसा, कॅप काढून रात्रभर पंख्याखाली ठेवा, मग हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत. डब्यात दीडदोनशे रुपयांचं आर्द्रता मापक टाकून ठेवा, ४० ते ५० च्या मध्ये राहिलं की बुरशीची काळजी नाही. जेलचे दाणे रंग बदलले की परत तापवून वापरता येतात. कॅमेऱ्याची बॅग मात्र वेगळी वाळवा, ओली बॅग त्याच कपाटात गेली तर बाकी सगळं केलेलं वाया.